धाब्यावरून कोणी गेलं

रावेरला मामाचं घर धाब्याचं. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्याच्याही वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाहेर पारा 45च्या पुढे गेला तरी मधल्या घरात जमीन गार लागायची. या घराची एक खोड होती. धाब्यावर कोणी चाललं तर खाली पाऊल वाजायचं नाही, माती गळायची. पाटाच्या फटीतून चिमूटभर, मग दोन हात पुढे आणखी चिमूटभर. जेवताना मामी ताटावर तळवा आडवा धरायची आणि वर न बघताच म्हणायची, “पोट्टे चढले वाटते वर.”

उन्हाळ्यात सगळेच धाब्यावर झोपायचे. पण मी सांगतोय ती रात्र पौषातली. मामा केळीला पाणी द्यायला शेतात गेलेला. मोटारीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. आम्ही आतून कडी लावून गोधड्यांत. कोनाड्यातल्या दिव्याच्या उजेडात मला दिसलं, दाराजवळ माती गळली. थोड्या वेळानं खांबाजवळ. मग बळदाच्या तोंडाशी. मग माझ्या गोधडीवर, पायापाशी. तिथून पुढे काही नाही. जो कोणी वर होता, तो माझ्या डोक्यावर थांबला होता.

आजी कूस बदलत म्हणाली, “मांजर आसीन. झोप.”

भुताच्या घराचे सिनेमे पुढं पुष्कळ पाहिले. गल्लीत व्हीसीआर भाड्यानं आणून रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (1984) आम्ही शेंगा खात पाहिला, किंचाळलो, खिदळलो आणि निवांत झोपलो. रामसेंवर माझा राग नाही, त्यांनी आमच्या रात्री मजेत घालवल्या. पण त्या हवेलीत दूध कुठं तापतं, चपला कुठं काढतात, माजघरातला दिवा कोण विझवतं, याचा पत्ता नव्हता. जे घर कधी घरासारखं दिसलंच नाही, त्यात काही बिघडलंय हे कळावं कसं?

भीती वाटायला आधी घर पाठ व्हावं लागतं. नव्या सुनेला होतं तसं. कुठल्या पायरीला ठेच लागते, कुठलं दार उचलून लावायचं, सासऱ्यांची काठी कुठल्या कोपऱ्यात असते. चांगला दिग्दर्शक पहिला अर्धा तास आपल्याला त्या घरात सुनेसारखं नांदवतो. मग एके दिवशी काठी दुसऱ्या कोपऱ्यात दिसते. तेवढंच. बाकीचं काम आपण स्वतःच करतो.

‘महल’ (1949) मला म्हणूनच आवडतो, आणि थोडा शेजारधर्म म्हणूनही. रावेरहून गाडीत बसलं की बुऱ्हाणपुरापुढं खांडवा, आणि त्यातला पछाडलेला नायक अशोककुमार त्या खांडव्याच्या गांगुलींच्या घरातला. तो ओसाड महालात शिरतो आणि भिंतीवरच्या जुन्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. दुसऱ्याच्या घरात आपली तसबीर! पुढं ते गाणं. आवाज लांबून जवळ यावा म्हणून लताबाई माइकपासून दूर उभ्या राहून गात गात त्याच्याकडं चालत आल्या होत्या. शेवटी कळतं की भूत वगैरे नव्हतंच. तरी भीती उरते, कारण कमाल अमरोहींनी आपल्याला घाबरवलं ते अंतरानं. दूर होतं, जवळ येतंय. माझ्या गोधडीकडं आलेल्या मातीचाही हिशेब तोच होता.

रॉबर्ट वाइझच्या ‘द हाँटिंग’मध्ये (1963) भूत एकदाही दिसत नाही. बंद दाराची जाड फळी पलीकडून कोणी रेटल्यासारखी फुगते, एवढंच. सागाची दारं बघत वाढलेल्या माणसाला यापुढं राक्षसाचा मुखवटा म्हणजे बोहाड्यातलं सोंग.

विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (2017) पाहताना मात्र मी खुर्चीत नीट बसू शकलो नाही. उसाच्या फडात एकटं घर, त्यात पोटुशी बाई, आणि तिची मायेनं सरबराई करणारी दुसरी बाई. त्या घरातली भुतं बाहेरून आलेली नाहीत; मुलगी नको म्हणणाऱ्या घरानंच ती घडवली आहेत. पछाडलेल्या घराच्या प्रत्येक खऱ्या गोष्टीत तळाशी असं कोणाचं तरी देणं थकलेलं असतं. ऊस आमच्याकडं कमी, पण मला पडद्यावर केळीच दिसत होती. केळीच्या बागेत रात्री गेलात कधी? वारा पडलेला असतो आणि तरी चिरफळलेली पानं एकमेकांना घासतात. दव या पानावरून त्या पानावर टपकतं, अगदी कोणी अंतर राखून मागं चालावं तसं. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीसारखी. चकवा लागायला आणखी काय हवं?

मामा अशा बागेत रात्र रात्र काढायचा, आणि त्याच्याकडं कारणं तयार असायची. उन्हाळ्यात तुळई मध्यरात्री कट्‌कन वाजली की तो सांगायचा, दिवसभर तापलेलं लाकूड निवताना आकसतं. खरंच आहे ते. पण आवाज आधी येतो आणि कारण नंतर आठवतं, आणि सगळा सिनेमा त्या मधल्या क्षणात राहतो.

त्या पौषातल्या रात्रीची सकाळ सांगायची राहिली. मामा दवानं भिजून परतला, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. मामी केरसुणीनं माती लोटत होती, माझ्या पायथ्यापासून बळदाकडं, बळदाकडून खांबाकडं, दारापर्यंत. सुपलीत भरून घेतली आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

“आज दोनदा आलती,” ती मामाला म्हणाली.

मामानं मान हलवली आणि चहा मागितला.