दोष दाखवणाऱ्याचा दोष काय?

जुलै २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या आर्नेम शहराच्या न्यायालयात एक वेगळाच दावा उभा राहिला. एनएक्सपी या चिप बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की नायमेखनच्या रॅडबाऊड विद्यापीठातल्या संशोधकांना त्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध करू देऊ नये. निबंध होता कंपनीच्या ‘मायफेअर क्लासिक’ या चिपवर. यंत्राजवळ नुसतं धरलं की तिकीट कापून घेणारी किंवा दार उघडणारी कार्डं या चिपवर चालत. लंडनची ऑयस्टर कार्डं आणि असंख्य कार्यालयांचे प्रवेशपास त्यात आले. चिपमधलं गणित कंपनीने गुपित ठेवलं होतं. पण २००७ च्या अखेरीस दोन जर्मन संशोधकांनी चिपचा एकेक थर घासून काढला, प्रत्येक थराची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रं घेतली आणि त्यांवरून आतली मंडलं ओळखून ते गणित उलगडलं. त्यात किल्ली जेमतेम ४८ बिटांची निघाली. पुढे रॅडबाऊडच्या गटाने कार्ड आणि यंत्र यांच्यातला संवाद टिपून किल्ली कशी मिळवायची आणि कार्डाची नक्कल कशी करायची, ते दाखवून दिलं. कंपनीला आणि सरकारला त्यांनी मार्चमध्येच कळवलं होतं. निबंध ऑक्टोबरमध्ये यायचा होता. न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. नुकसान झालंच तर ते निबंधामुळे होणार नाही, सदोष चिप बनवून विकल्यामुळे होईल, असा निकालाचा आशय होता.

संगणक सुरक्षेतल्या नीतीचा विचार मी या निकालापासून सुरू करतो, कारण त्यात जबाबदारीचा क्रम नीट लावलेला आहे. सॉफ्टवेअरमधली त्रुटी ती सापडण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे असते. सापडते तेव्हा ती जन्माला येत नाही, फक्त एका माणसाला तिची खबर लागते. त्याच्या आधी आणखी किती जणांना लागली होती, हे सहसा कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रामाणिकपणे त्रुटी शोधून कळवणाऱ्याला गुन्हेगाराच्या रांगेत उभं करणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय ते आपल्याच सुरक्षेच्या मुळावर येतं, असं माझं मत आहे. ओपन सोर्सचा आग्रहही मी याच कारणासाठी धरतो. सोर्स कोड सर्वांसमोर असला की तपासण्याचा हक्क कुणाच्या मेहेरबानीवर राहत नाही.

यावरचा पहिला आक्षेप जुना आहे आणि वरवर पटणाराही आहे. त्रुटी जाहीर केल्याने चोरांना आयतीच वाट मिळते, असं म्हटलं जातं. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात ए. सी. हॉब्ज या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने तिथली अभेद्य मानली जाणारी कुलपं उघडून दाखवली, तेव्हाही हीच ओरड झाली. कुलपं विकत घेणाऱ्यांना जे ठाऊक नाही ते घरफोड्यांना आधीच ठाऊक असतं, हे त्यावेळी दिलेलं उत्तर आजही लागू आहे. पुढे १८८३ मध्ये ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी संकेतलिपीबद्दल लिहिताना नियम मांडला की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावं, गुपित राहावी ती फक्त किल्ली. आज बँकांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे वापरली जाणारी ‘एईएस’ ही पद्धत याच वाटेने आली. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले, जगभरातल्या तज्ज्ञांना ते फोडून पाहायला सांगितलं आणि २००१ मध्ये दोन बेल्जियन संकेतलिपीतज्ज्ञांची पद्धत मानक म्हणून जाहीर केली. तिचं गणित कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतं, आणि ती अजून टिकून आहे. मायफेअरचं गणित मात्र गुपित होतं, तरी फुटलं.

त्रुटी दडवून ठेवल्याची किंमत कुणाला मोजावी लागते, हे महाराष्ट्राने जून २०१७ मध्ये पाहिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने विंडोजमधली एक त्रुटी हेरगिरीसाठी स्वतःजवळ राखून ठेवली होती. वृत्तपत्रांतल्या माहितीनुसार पाच वर्षांहून अधिक काळ तिने ती मायक्रोसॉफ्टला कळवली नाही. या त्रुटीवर बेतलेलं ‘इटर्नलब्लू’ नावाचं संस्थेचं हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आलं. मे महिन्यात त्याच हत्याराच्या जोरावर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधली रुग्णालयं अडवली. जूनमध्ये तेच हत्यार वापरणारा ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. त्या समूहाकडे असलेलं न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल बंद पडलं आणि कंटेनरचा खोळंबा झाला. उरणच्या रस्त्यावर ट्रक घेऊन थांबलेल्या चालकाचा त्या हेरगिरीशी काय संबंध होता? मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी वॉनाक्रायनंतर सरकारांच्या या साठेबाजीवर जाहीर टीका केली, ती रास्तच होती. अर्थात दुसरी बाजूही सांगायला हवी. मायक्रोसॉफ्टने या त्रुटीवरचा पॅच मार्चमध्येच दिला होता आणि अनेकांनी तो बसवलाच नव्हता. शिवाय नॉटपेट्या पासवर्ड चोरूनही पसरत असल्यामुळे पॅच बसवलेली यंत्रंही त्यातून सुटली नाहीत. त्रुटी जाहीर झाली की सगळं सुरक्षित होतं, असा माझा दावा नाही. पण जी त्रुटी बनवणाऱ्यालाच सांगितली जात नाही, तिच्या दुरुस्तीला सुरुवातही होत नाही.

मग सांगायचं कुणाला आणि कधी? या क्षेत्राने अनुभवातून एक रीत बसवली आहे. त्रुटी आधी ज्याला दुरुस्त करता येईल त्याला खासगीत कळवायची, त्याला ठरावीक मुदत द्यायची आणि मुदत संपली की सर्वांना सांगायचं. गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ने ही मुदत ९० दिवसांची ठेवली. मुदत कशाला, असं कंपन्या विचारतात. मुदत नसली तर दुरुस्तीची निकडही उरत नाही, हे त्याचं रोखठोक उत्तर आहे. आणि खबर लगेच सरकारलाही द्यायलाच हवी असा नियम केला तर काय होतं, याचं उदाहरण चीनमध्ये आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अलिबाबा क्लाउडच्या एका अभियंत्याने जगभरच्या सर्व्हरवर असलेल्या ‘लॉगफोरजे’ या ओपन सोर्स घटकातली भयंकर त्रुटी थेट तो सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनला कळवली. प्रचलित रीतीनुसार हेच योग्य होतं. पण चीनच्या नव्या नियमांनुसार ४८ तासांत मंत्रालयाला सांगणं अपेक्षित होतं, आणि मंत्रालयाने अलिबाबा क्लाउडबरोबरचं माहितीचं सहकार्य सहा महिन्यांसाठी थांबवलं. खबर आधी हातोडी धरणाऱ्याकडे जायला हवी. ती आधी हत्यार हवं असलेल्याकडे गेली, तर इटर्नलब्लूची गोष्ट पुन्हा घडायला वेळ लागणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो ओपन सोर्सच्या पुरस्कर्त्यांनी कान देऊन ऐकायला हवा. कोड उघडा असूनही त्रुटी वर्षानुवर्षं राहतात, मग उघडेपणाचा उपयोग काय? एप्रिल २०१४ मध्ये उघडकीला आलेल्या ‘हार्टब्लीड’ या त्रुटीने हा प्रश्न सर्वांसमोर ठेवला. जोडणी चालू आहे ना, हे तपासायला एक संगणक दुसऱ्याला छोटासा मजकूर पाठवतो, सोबत त्याची लांबी कळवतो आणि तोच मजकूर परत मागतो. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड कळवलेल्या लांबीवर डोळे झाकून विश्वास ठेवत असे. एकच अक्षर पाठवून लांबी ६४ हजार सांगितली, की सर्व्हर ते अक्षर आणि मेमरीत त्याच्या पुढे पडलेलं सगळं, अगदी पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यांसकट, उचलून देत असे. कळवलेली लांबी प्रत्यक्ष मजकुराशी ताडून पाहणं, एवढीच दुरुस्ती होती. ही चूक दोन वर्षांहून अधिक काळ सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. इंटरनेटवरच्या व्यवहारांचा मोठा भाग ज्यावर विसंबला होता, त्या प्रकल्पाला तेव्हा वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलरच्या देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता.

मार्च २०२४ मधलं ‘एक्सझेड’ प्रकरण त्याहून गंभीर होतं, कारण तिथे चूक नव्हती, कपट होतं. फाइली आकसून लहान करणारं हे छोटं साधन एक माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया टान’ या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला. इतर काही खात्यांवरून त्या सांभाळणाऱ्यामागे, सूत्रं दुसऱ्याला दे, असा लकडा लावला गेला. अखेर अधिकार हाती आल्यावर जिया टानने दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्याचं चोरदार त्यात बसवलं. ही लबाडी चाचणीसाठीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींमध्ये लपवलेली होती आणि ती जागी करणारा तुकडा जाहीर भांडारात नव्हताच. तो फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड दुसऱ्याच कामात होते. सर्व्हरमध्ये लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेने ते मुळाशी गेले आणि सत्य बाहेर आलं. चोरदार असलेल्या आवृत्त्या लिनक्सच्या मुख्य, स्थिर वितरणांपर्यंत पोचण्याआधीच थांबल्या.

या दोन घटनांवरून काही जण उघडेपणाच फसवा ठरवतात. मला त्यांतून वेगळी गोष्ट दिसते. सोर्स उघडा असणं म्हणजे तपासण्याची परवानगी. प्रत्यक्ष तपासायला माणूस, वेळ आणि पैसा लागतो. फ्रॉइंड यांच्याजवळ तिन्ही होतं आणि आत उतरून पाहायला कुणाची परवानगी लागली नाही. बंद सॉफ्टवेअरमध्ये तीच शंका आली असती तर तक्रार नोंदवून उत्तराची वाट पाहण्यापलीकडे त्यांना फारसं काही करता आलं नसतं. म्हणजे कमतरता उघडेपणाची नाही, उघड्या कोडवर फुकट उभं राहणाऱ्यांच्या बेफिकिरीची आहे. हार्टब्लीडनंतर मोठ्या कंपन्यांनी असे प्रकल्प जगवण्यासाठी एकत्र निधी उभारला. पण जाग आली ती वेळ टळल्यावर.

भारतात परिस्थिती काय आहे? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणाऱ्याला भरपाईला जबाबदार धरतं, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूने तपासणाऱ्यासाठी त्यात स्वतंत्र अपवाद नाही. आपला हेतू शुद्ध होता, हे सिद्ध करायची वेळ येईपर्यंत त्या माणसाची उमेद संपलेली असते. गॅस गळतोय म्हणून दार ठोठावणाऱ्या शेजाऱ्याला, आमच्या घराचा वास घेतलाच का, असं विचारावं, तशातली ही गत. २०१० मध्ये हरी प्रसाद, अॅलेक्स हॉल्डरमन आणि रॉप खॉनग्राइप यांनी मतदान यंत्र उघडून त्यात कसा फेरफार करता येईल ते दाखवलं. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी साठ्यातलं असल्याने चोरीचा गुन्हा नोंदला गेला आणि ऑगस्टमध्ये हरी प्रसाद यांना अटक झाली. प्रत्यक्ष निवडणुकीच्या बंदोबस्तात असं करता येत नाही, हे निवडणूक आयोगाचं म्हणणं या प्रयोगाने खोटं ठरलं, असं मी म्हणत नाही. यंत्र कुठून आलं, हे पोलिसांनी विचारणंही गैर नाही. पण तपासायला यंत्र देण्याची एखादी खुली, नियमबद्ध सोय असती तर यंत्र आलं कुठून हा प्रश्नच उरला नसता आणि सारी चर्चा निष्कर्षांवर झाली असती. आरोग्य सेतूच्या वेळी असं पाऊल उशिरा का होईना पडलं. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या या अॅपवर टीका झाल्यावर मे अखेरीस त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला झाला आणि त्रुटी दाखवणाऱ्यांना बक्षीसही जाहीर झालं.

तपासणाऱ्याला संरक्षण म्हणजे मोकाट परवाना, ही भीती अनाठायी नाही. म्हणून त्याच्यावरची बंधनंही तितक्याच स्पष्ट शब्दांत सांगायला हवीत. दार उघडतं हे सिद्ध करण्यापुरतंच आत पाऊल टाकायचं, लोकांची माहिती उतरवून घ्यायची नाही, आणि पैसे दिले नाहीत तर जाहीर करू, असं म्हणायचं नाही, कारण ती खंडणी होते. चांगल्या कारणासाठीही लोकांना न विचारता त्यांच्यावर प्रयोग करायचे नाहीत. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्सची तपासणी किती कडक आहे हे पाहायला मुद्दाम सदोष बदल पाठवले. बदल तपासणारी माणसं या प्रयोगाचा भाग बनली, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये लिनक्सच्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं योगदानच थांबवलं. ती शिक्षा मला योग्य वाटते. नेदरलँड्सने २०१३ मध्ये अशा मर्यादा पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये सद्हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले भरू नयेत, असं धोरण जाहीर केलं. या दोन्ही देशांत चोरांना मोकळं रान मिळालेलं नाही.

आपल्याकडे कायदा बदलायला वेळ लागेल, पण त्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. केंद्र सरकारचं ओपन सोर्सला प्राधान्य देणारं धोरण २०१५ पासून आहे. त्याच्या जोडीला सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या करारात दोन कलमं हवीत. एक, स्वतंत्र तपासणीची मुभा. दुसरं, ते ज्या मुक्त घटकांवर उभं आहे त्यांच्या देखभालीसाठी रक्कम. आणखी एक गोष्ट तर बिनखर्चाची आहे. त्रुटी कुणाला कळवायची, हे सांगणारी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची चार ओळींची फाइल संकेतस्थळावर ठेवण्याचं मानक २०२२ पासून उपलब्ध आहे. महापालिका, विद्यापीठं, सहकारी बँका यांनी ती ठेवावी आणि मर्यादा पाळून कळवणाऱ्यावर आम्ही कारवाई करणार नाही, हे तिच्यासोबत लिहून द्यावं. यासाठी संसदेचा कायदा लागत नाही, निविदा लागत नाही. आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेण्याची तयारी मात्र लागते, आणि आपल्या कार्यालयांमध्ये खरी टंचाई तिचीच आहे.