शेवट न सांगता

दिवाळी संपली की एका संपादकांचा फोन येतो. रहस्य, भय, विज्ञान, यंदा जे काही आलंय त्याचा आढावा हवाय, पंधरा दिवसांत. मी हो म्हणतो आणि ‘धनंजय’पासून सुरू होणारी दिवाळी अंकांची चळत घरी आणतो.

भयकथा ही रात्री एकट्याने वाचायची गोष्ट. मी मात्र सकाळी चहाबरोबर, कानाला पेन्सिल खोचून ओळीने सात वाचतो. पाचवीत काळं मांजर आलं की समासात ‘मांजर’ लिहून मोकळा होतो. मग शेरा मारतो : तोचतोपणा जाणवतो. आता तो कथांचा, की माझ्या बैठकीचा? नारायण धारपांच्या समर्थकथा शाळकरी वयात अशा घाऊक वाचल्या असत्या, तर दिवा लावून झोपायची वेळ आली नसती. त्यात 2017पासून स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप आलंय. मालिका तासन् तास ऐकायची, आणि कानाला समास नसतो.

पण खरा घोळ शेवटाचा. सामाजिक कादंबरीवर लिहिणारा सुखी. नायिका विहीर जवळ करते, हे त्याला बिनदिक्कत सांगता येतं. रहस्यकथेची सगळी कारागिरी शेवटच्या दीड पानात असते आणि नेमकी तीच झाकायची. सांगितली तर वाचक शिव्या घालणार. नाही सांगितली, तर लेखक म्हणणार, तुम्हाला माझ्या कथेत दिसलं तरी काय? पूर्वी मी ‘कलाटणी छान जमली आहे’ असं लिहायचो. त्या वाक्याची आता लाज वाटते. हल्ली एवढंच सांगतो, की लेखकाने धागेदोरे वाचकासमोर ठेवले होते, की खिशात दडवले होते.

दुसरा घोळ नावांचा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ यांच्या ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर. मी मात्र अनुक्रमणिकेतली ओळखीची नावं आधी उरकतो; चळतीतल्या जगतापांची पाळी येते तेव्हा डोळे दमलेले असतात.

यंदा बायकोला सगळ्या नावांवर कागद चिकटवायला लावले. वाचून झाल्यावर ते सोलले. सगळ्यांत आवडलेली कथा ज्याची निघाली, त्याला गेल्या वर्षी मी अर्ध्या वाक्यात गुंडाळलं होतं. ती जुनी कथा पुन्हा वाचावी म्हणून माळा उपसला. अंक रद्दीत गेला होता.