पेशंटला बॅज नसतो

एक्सरे काढणाऱ्याच्या छातीवर एक बॅज असतो. टीएलडी म्हणतात त्याला. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि आपल्या अंगावर किती किरण पडले त्याचा हिशेब मिलीसिव्हर्टमध्ये परत येतो. अणुऊर्जा नियामक मंडळानं आमच्यासाठी मर्यादा घालून दिली आहे: सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20, आणि कुठल्याही एका वर्षात 30च्या वर नाही. शिशाच्या आडोशामागे उभं राहणाऱ्याचा आकडा सहसा त्याच्या जवळपासही जात नाही. समोरच्या पेशंटला मात्र बॅज नसतो आणि त्याच्यासाठी अशी मर्यादाही नाही. ती मुद्दामच ठेवलेली नाही, कारण खुबा मोडलेल्या आजीला ‘तुमचा कोटा संपला’ म्हणून परत पाठवता येत नाही. तिथे दोनच प्रश्न असतात. हा फोटो लागतोच का? आणि लागत असेल तर कमीत कमी किती किरणांत निघेल? दुसऱ्याचं उत्तर बटण दाबणाऱ्यापाशी असतं. बोदवडसारख्या तालुक्याच्या गावात ते सर्वस्वी त्याच्याचपाशी, कारण विचारावं असा रेडिओलॉजिस्ट शेजारच्या खोलीत बसलेला नसतो.

मी हे काम शिकलो ते फिल्मच्या काळात, आणि डोस वाचवण्याचा पहिला धडा डार्करूममधल्या टाकीनं दिला. डेव्हलपरला 20 अंश तापमान लागतं. त्यात फिल्म चार-पाच मिनिटं निवांत धुतली जायला हवी. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45ला टेकतो. नळाचं पाणीच ऊन येतं, टाकीतल्या औषधाची काय कथा! त्या औषधात फिल्म झरझर काळी होते, वर धुरकटपणा चढतो, जिलेटिन इतकं मऊ पडतं की नख लागलं तरी ओरखडा उठतो. यावर दोन उपाय होते. एक कष्टाचा: गोळेवाल्याकडून बर्फ आणायचा, तो पिशवीत बांधून बाहेरच्या पाण्यात सोडायचा, थर्मामीटर बघत बसायचं आणि तापमानाच्या तक्त्याप्रमाणे वेळ धरायची. दुसरा सोपा आणि म्हणून पुष्कळ ठिकाणी रूढ: एक्स्पोजर भरपूर द्यायचं आणि लाल दिव्यात बघत बघत फिल्म अर्ध्यावरच उपसायची. चित्र कामचलाऊ निघायचं, गर्दीही लवकर हटायची. पण जे काम औषधानं करायचं ते किरणांकडून करवून घेतलेलं असायचं आणि त्याचे पैसे पेशंटचं शरीर भरायचं. बर्फाच्या पिशवीचा आणि एखाद्या शेतकऱ्याच्या छातीवर पडणाऱ्या किरणांचा असा थेट संबंध असतो, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

विजेचंही तसंच. कापसाचा हंगाम सुरू झाला की गावातल्या जिनिंग रात्रंदिवस चालायच्या आणि संध्याकाळी व्होल्टेज बसायचं. पॅनलवर 70 केव्ही लावले तरी नळीला तेवढे मिळायचे नाहीत. फिल्म फिकी यायची आणि रिपीट करावी लागायची. रिपीट म्हणजे डोस थेट दुप्पट. म्हणून बटणावर बोट नेण्याआधी लाइनच्या काट्याकडे नजर टाकायची, काटा खाली असेल तर बाकावरच्या बाबांना म्हणायचं, ‘बसा थोडं, पाणी प्या,’ आणि थांबायचं.

आता डार्करूम नाही, बर्फ नाही. कॅसेट मशीनमध्ये घातली की पडद्यावर चित्र येतं. सगळ्यांना वाटतं, डोसचा प्रश्न मिटला. माझं म्हणणं उलटं आहे, आणि हेच सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसलो. फिल्मवर जास्त किरण गेले की ती काळी पडायची. तुमची उधळपट्टी डॉक्टरांना, पेशंटला, वॉर्डबॉयलाही दिसायची. डिजिटलमध्ये गरजेच्या दुप्पट-चौपट किरण गेले तरी कॉम्प्युटर चित्र सावरून घेतो, उलट ते जास्तच नितळ दिसतं. किरण कमी पडले तर चित्र रवाळ येतं आणि डॉक्टरांचा फोन येतो. जास्त पडले तर कोणाचाच फोन येत नाही. मग माणूस बोलणी टाळायला एक पायरी वर जातो. महिन्याभरानं तीच पायरी नेहमीची होते, पुढे आणखी एक. मनात कुणाच्याही वाईट नसताना अख्ख्या सेंटरचा डोस असा चढत जातो.

यावर खूण आहे, फक्त ती बघायची सवय हवी. चित्राच्या कडेला एक आकडा येतो. जुन्या फुजीच्या सीआरवर, म्हणजे कॅसेटवाल्या डिजिटल मशीनवर, तो एस-नंबर. तो उलटा चालतो, किरण जास्त तर आकडा लहान. निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे आकडे, म्हणून 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि त्याबरोबर डेव्हिएशन इंडेक्स. तो शून्य असला तर नेमकं. अधिक तीन म्हणजे लागत होते त्याच्या दुप्पट किरण, उणे तीन म्हणजे निम्मे. चित्र कितीही देखणं असो, मी आधी तो आकडा वाचतो. अधिक तीन दिसले की पुढच्या पेशंटला एमएएस, म्हणजे किरणांचं प्रमाण, खाली.

लहान मुलांच्या बाबतीत मला जराही ढिलाई खपत नाही. त्यांच्या पेशी वाढत्या असतात, पुढे अख्खं आयुष्य असतं. न्यूमोनियाच्या शंकेनं दोन वर्षांचं पोर येतं. खोलीत शिरतानाच रडतं. मी आधी मशीनचं सगळं लावून ठेवतो: ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) काढलेली, कारण एवढ्याशा छातीतून किरण फार विखुरत नाहीत आणि ग्रिड ठेवली तर दोन-तीन पट एक्स्पोजर उगाच द्यावं लागतं, वेळ सेकंदाच्या अगदी लहान हिश्शाची, म्हणजे पोर हललं तरी चित्र हलत नाही. मग कोलिमेटरचा दिवा लावून उजेडाची चौकट छातीपुरती आवळतो. वर हनुवटी नको, खाली पोट नको. (हा दिवा जळालेला आणि झडपा सताड उघड्या, अशी मशीनं मी पाहिली आहेत. बल्बाची किंमत ती काय!) गळ्यातला ताईत आणि काळा दोरा आजीच्या हातात काढून देतो, नाहीतर तो फुप्फुसावर उमटतो आणि रिपीट येते. वडिलांना लेड एप्रन घालून पोराचे हात वर धरायला लावतो. आणि मग पोराच्या तोंडाकडे न पाहता पोटाकडे बघत राहतो. रडताना हुंदका संपून पोर श्वास आत खेचतं, पोट फुगतं, त्या क्षणी बटण. पुष्कळदा पहिल्याच फोटोत काम होतं.

बायकांच्या बाबतीत खरं कसब बोलण्यात आहे. अ‍ॅलिस स्टुअर्ट या इंग्लंडमधल्या डॉक्टरीणबाईंनी 1956 मध्ये दाखवून दिलं की कॅन्सरनं दगावलेल्या मुलांच्या आयांचे गरोदरपणी पोटाचे एक्सरे जास्त प्रमाणात निघालेले होते. त्या वेळी पुष्कळांनी ते मानलं नाही. आज दारावर पाटी असते, ‘गरोदर असल्यास आधी सांगा’. पण नव्यानं लग्न झालेली मुलगी, बाजूला सासू, समोर मी परका पुरुष. ती कशी सांगणार? म्हणून कंबरेचा किंवा पोटाचा फोटो असला की मी सिस्टरला आत पाठवतो. त्या सासूला नाव लिहायला बाहेर नेतात, दार लोटतात आणि विचारतात. पाळी चुकलेली असेल तर डॉक्टरांना फोन, आणि फोटो थांबवता येण्यासारखा असेल तर थांबतो.

पोटावर शिशाचा तुकडा ठेवण्याची जुनी पद्धत मात्र आता मागे पडते आहे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय फिजिसिस्टांच्या संघटनेनंच सांगितलं की सरसकट तसं करू नका. फायदा नगण्य, आणि तुकडा सरकून नेमका भाग झाकला तर फोटो पुन्हा काढावा लागतो. पेशंटला शिसं दिसलं की बरं वाटतं हे मला कळतं, पण त्याचं खरं रक्षण आवळलेली चौकट करते.

लागतोच का, हा पहिला प्रश्न माझ्या अखत्यारीत नाही, तरी मी तो विचारतो. वेचणीच्या दिवसांत कंबर धरलेली माणसं रांगेनं येतात. ‘भाऊ, चांगला मोठा फोटू काढजो.’ छातीच्या एका फोटोचा डोस 0.02 मिलीसिव्हर्टच्या आसपास. जमिनीतून, आभाळातून, हवेतून आपल्याला वर्षाकाठी सरासरी 2.4 असाही मिळतच असतो, म्हणजे हा तीनेक दिवसांचा. कंबरेच्या फोटोंचा मात्र एक-दीड मिलीसिव्हर्ट, छातीच्या पन्नासांहून जास्त. पोटाच्या सीटी स्कॅनला तर छातीचे काही शे. म्हणून मी डॉक्टरांना फोन लावतो: ‘साहेब, पडलेले नाहीत, पायाला मुंग्या नाहीत, ताप नाही, चार दिवसांचंच दुखणं आहे. काढू का थांबू?’ कधी ते म्हणतात काढा. कधी म्हणतात, गोळ्या देऊन बघू. विचारल्याचा राग आजवर फारसा कोणी धरला नाही.

भुसावळ-जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे गेलं की पुन्हा नवा फोटो निघतो, कारण जुना घरी ट्रंकेत राहिलेला असतो. म्हणून लिफाफा देताना प्रत्येकाला बजावतो, पुढे कुठेही गेलात तर हा आधी दाखवा. लिफाफ्याच्या कोपऱ्यात केव्ही, एमएएस, अंतर आणि ग्रिड होती की नाही ते लिहितो, म्हणजे पुढच्या टेक्निशियनला अंदाज बांधावा लागत नाही. शिकायला आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवसापासून हेच लिहायला लावतो. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात येतं की त्याच बांध्याच्या माणसाची कंबर एकानं 70 केव्हीवर घेतली आणि दुसऱ्यानं 80वर, निम्म्या एमएएसमध्ये, आणि मणके दोन्हीत सारखेच मोजता येतात. मग चहाच्या वेळी त्यांचं भांडण जुंपतं, कोणाचा फोटो कमी किरणांत चांगला आला म्हणून. ते भांडण मी कधी मिटवत नाही.