बातलच्या पुढची खडी

काकांच्या डाव्या अंगठ्याचा सांधा झिजला आहे. शहरातल्या सिग्नलला क्लच दाबताना तो दुखतो, पण त्याचं काकांना फारसं वाटत नाही. त्यांना धास्ती आहे ती खडीची. साठीला टेकलेल्या या माणसाला पुण्यातल्या रायडिंग ग्रुपमधले सगळे काकाच म्हणतात, आणि स्पितीला निघणाऱ्या नव्या पोराचा पहिला फोन त्यांनाच जातो. रेल्वेने गाडी पाठवताना टाकी रिकामी करून द्यायची, हवा किती ठेवायची, जादा ट्यूब कुठल्या चाकाची घ्यायची, हे ते दोन मिनिटांत आटोपतात. बोलायला लागतात ते हँडल कसं धरायचं यावर. मग फोन लवकर ठेवत नाहीत.

त्यांच्या डोक्यात जो रस्ता असतो तो एकच. लाहौलमध्ये कुंझुम खिंडीच्या पायथ्याशी, चंद्रा नदीच्या काठी बातल आहे. एक पूल आणि दगडी भिंतींचे ढाबे, एवढंच. तिथून चंद्रताल हा तलाव सुमारे १४ किलोमीटर. कुंझुमचा चढ लागला की थोड्याच अंतरावर डावीकडे फाटा फुटतो. पुढे एका गाडीपुरती वाट, उजवीकडे भुसभुशीत डोंगर आणि डावीकडे खाली चंद्रा. मध्येच वितळलेल्या बर्फाचं पाणी वाट ओलांडून जातं. ढासळलेला कडा, नदीने आणलेले गोल गोटे आणि पिठासारखी धूळ, अशी सगळी मिसळ चाकाखाली असते.

अडचण तिथेच आहे. मोटारसायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो. त्याच्या अक्षाची रेषा सरळ खाली वाढवली तर ती जमिनीला टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे मिळते. म्हणून चालत्या गाडीचं पुढचं चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं. गोट्याने ते डावीकडे ढकललं तरी क्षणात परत येतं, पण त्याला येऊ दिलं तर. मूठ आवळलेली असली की तो धक्का मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून सगळ्या गाडीत उतरतो. चाकाच्या किरकोळ वळवळीतून गाडीचं डुलणं तयार होतं. स्वार घाबरतो, आणखी आवळतो, डुलणं आणखी वाढतं.

हे काकांना पहिल्यापासून ठाऊक आहे. ठाऊक असणं आणि हात सैल सुटणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी.

तरुणपणी त्यांच्याकडे बुलेट होती आणि दंडात जोर होता. गाडी वाकडी व्हायला लागली की ते तिला ओढून सरळ करत, आणि ती होतही असे. त्या जोराचा त्यांना अभिमान होता, हे ते आज उघड सांगतात. कुंझुमवरून उतरताना बाकीच्यांना मागे टाकायचं, सगळ्यांच्या आधी पोचून तोंडावरच्या धुळीसकट उभं राहायचं, ही हौस होती. पुण्यात परतल्यावर गाडी कितीतरी दिवस धुवायची नाही, कॉलनीतल्यांनी ती धूळ बघावी म्हणून. हातातला जोर हीच आपली कला, असं ते धरून चालले होते. आता अंगठा दुखतो, जोर लागत नाही, आणि जोराखाली झाकलेली जुनी सवय खडीवर उघडी पडते.

हा हात घरच्या घरी सुधारावा म्हणून ते रविवारी सकाळी भाटघरच्या बॅकवॉटरकडे किंवा मुळशीच्या आतल्या वाटांवर जातात. आपल्याकडचा मुरूम वेगळा. त्याचे दाणे चाकाखाली गोट्यांसारखे गडगडतात, पण त्याखालची जमीन घट्ट असते. क्रशरवरची काळी खडी धारदार, ती एकमेकींत अडकून बसते. लाहौलच्या वाटेला तळच लागत नाही. चाक आत रुततं, आणि रुतलेल्या चाकाला वळवायला जाणं म्हणजे आडवं होणं. म्हणून मुळशीत सैल सुटणारा हात बातलनंतर पुन्हा मिटतो. काकांचं म्हणणं असं की सराव हाताचा करून भागत नाही, भीतीचा करावा लागतो, आणि भीती तिथे गेल्याशिवाय भेटत नाही.

आडव्या लाटांचा छळ आणखी निराळा. कच्च्या रस्त्यावर ठरावीक अंतराने उमटणाऱ्या त्या वळ्यांचा दोष बरेच जण अवजड गाड्यांच्या स्प्रिंगांना देतात. निकोलस ताबेर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकेल्वेन या भौतिकशास्त्रज्ञांनी फिरत्या टेबलावर वाळू पसरली, तिच्यावरून एक साधं चाक चालवलं आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाकाला स्प्रिंग नसली तरी लाटा उमटतात, आणि वेग एका मर्यादेपलीकडे गेला की उमटतातच. म्हणजे तो रस्ता कुणा एकाने बिघडवलेला नाही, जाणाऱ्या प्रत्येक चाकाने बिघडवला आहे. काकांना ही गोष्ट फार आवडते. त्या लाटांवर हात आपोआप आवळला जातो, आणि तासाभरात करंगळी बधिर होते.

मागच्या खेपेला ग्रुपमधली एक मुलगी त्यांच्याबरोबर होती. गाडी एक्सपल्स, काकांच्या हिमालयनपेक्षा बरीच हलकी. पुढचं चाक दोन्ही गाड्यांचं एकवीस इंचीच. खडी तिला काकांनीच शिकवलेली. फाट्यानंतर पहिलं पाणी ओलांडून ती थांबली, मागे वळून बघत राहिली आणि काका जवळ आल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही मला सांगता आणि स्वतः करत नाही. कोपरं बघा तुमची."

कोपरं अंगाला चिकटलेली होती. तिचे हात हँडलवर नुसते टेकलेले असत. दोन बोटं क्लचवर, बाकीची अर्धवट मिटलेली, आणि पुढचं चाक तिच्या हातांत मोकळं हलत राही. गुडघ्यांनी टाकी मात्र घट्ट धरलेली. काका तिच्या मागून जात राहिले आणि तिचे खांदे बघत राहिले. शिष्याकडे बघून शिकायचं त्यांना जड गेलं, हेही ते लपवत नाहीत. त्या दिवशी शेवटच्या काही किलोमीटरांत त्यांचा डावा हात थोडा सुटला. दुसऱ्या दिवशी परतताना पुन्हा मिटला. प्रश्न अजून तिथेच आहे.

टूरवाल्यांबद्दल काकांची मतं कडक आहेत. सामान मागच्या जीपमध्ये, मेकॅनिक जीपमध्ये, स्वाराने फक्त रेस द्यायची, याला ते मोटारसायकलने जाणं म्हणत नाहीत. तंबू आणि स्लीपिंग बॅग गाडीवर लादल्या की मागचं वजन पुढचं चाक हलकं करतं. ते वजन खाली आणि पुढे कसं बांधायचं यातच निम्मी कारागिरी आहे, असं ते मानतात. पण त्यांचा खरा राग मनालीहून सकाळी निघून संध्याकाळी चंद्रतालला पोचवणाऱ्या कार्यक्रमांवर आहे. मनाली सुमारे २,००० मीटरवर, चंद्रताल ४,३०० च्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी. फ्युएल इंजेक्शनची गाडी पातळ हवेशी चटकन जुळवून घेते, माणसाला काही दिवस लागतात. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, रोहतांगचा चढ टळला आणि ही घाई सोपी झाली. डोकं जड, बोटं गारठलेली, उजेड जात चाललेला आणि पुढे ती १४ किलोमीटर. अशा हाताला सैल सोड म्हणून कोण सांगणार?

या बाबतीत त्यांचंच बरोबर आहे. किन्नौरमार्गे नाको, ताबो, काझा असं चढत यावं आणि कुंझुम उतरून चंद्रतालला जावं, हा त्यांचा क्रम शरीराला मानवतो. त्यात आणखी एक सोय आहे. पुढे मनालीच्या वाटेवर छोटा दरा, छत्रू या बाजूचे नाले हिमनद्यांच्या पाण्याचे. ऊन तापलं की ते दुपारी फुगतात, सकाळी उतरलेले असतात. चंद्रतालला मुक्काम करून भल्या पहाटे निघालं की ते नेमके पाणी कमी असताना लागतात.

पूर्वी लोक अगदी काठावर तंबू ठोकत. काकांनीही ठोकले, आणि पाण्याला लागून गाडी उभी केलेले फोटो त्यांच्या घरी अजून भिंतीवर आहेत. २००५ साली चंद्रताल पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, काठावर तंबूंना बंदी आली, आणि आता कॅम्प तलावापासून काही किलोमीटर अलीकडे असतात. गाडी पार्किंगला लावून पुढे चालत जायचं. काकांना ही बंदी पटते. त्या उंचीवर गवत जेमतेम वाढतं, त्यावर चाकाची खूण उमटली की वर्षानुवर्षं जात नाही. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून तिथे अडीचशेहून जास्त पर्यटक अडकले होते, त्यांना बर्फ कापत बाहेर काढावं लागलं. ती जागा माणसांच्या गर्दीसाठी नाही.

जाणाऱ्यांनी काझ्याकडून जावं, एक दिवस हातचा ठेवावा, चंद्रतालहून पहाटे निघून नाले दुपारच्या आत ओलांडावेत, आणि फोटोसाठी पार्किंगच्या पुढे गाडी नेऊ नये.