मा श्लोम मावशी?

आम्ही हिब्रू शिकतो आहोत असे म्हणणे जरा जास्तीचे होईल. आम्ही दोघे मियाँबीवी आणि आमची अम्मी, तिघे मिळून त्या भाषेत फक्त ख्यालीखुशाली विचारायला शिकत आहोत. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावी शेजारी एक बेने इस्रायली घर होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात या लोकांना पूर्वी शनवार तेली म्हणत. ते कुटुंब इस्रायलला गेले, अश्दोद शहरात राहिले. तिथल्या मावशी अजूनही अस्सल अलिबागी मराठी बोलतात. नातवंडांना मात्र हिब्रूच येते. मावशींची ऐंशी उलटली आहे. उद्या फोन दुसऱ्याच कुणी उचलला तर आपण बोलायचे काय, हा प्रश्न अम्मीने काढला.

सुरुवात सोपी निघाली. 'शालोम अलेखेम' म्हटले की उत्तर उलटून येते, 'अलेखेम शालोम'. आपला सलाम आणि त्याचे उत्तर अगदी असेच. दोन्ही शब्दांचे मूळ एक. (मुंबईत १७९६ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या प्रार्थनागृहाचे नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचे दार. त्यातला 'रहम' आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. लोक त्याला जुनी मशीदच म्हणत.)

पण तरुण पोरे एकमेकांना 'शालोम अलेखेम' म्हणत नाहीत. ती म्हणतात 'मा निश्मा?' शब्दशः अर्थ 'काय ऐकू येते?', म्हणजे आपले 'काय खबर?' उत्तर 'हकोल बेसेदर', सगळे व्यवस्थित. किंवा नुसते 'सबाबा', झकास. हा 'सबाबा' अरबीतून आलेला. कुणी आले की 'अहलान', तोही अरबी. निरोप घेताना 'यल्ला बाय': पहिला शब्द अरबी, दुसरा इंग्रजी, आणि बोलणारा हिब्रू बोलतो आहे. सकाळी 'बोकेर तोव' म्हटले तर उत्तर 'बोकेर ओर', प्रकाशाची सकाळ. अरबांच्या 'सबाहुल खैर, सबाहुन नूर'चीच ही जोडी.

घशातला 'ख' आम्हाला जड गेला नाही, मक्तबात तो लहानपणीच घोटून घेतलेला. पुरुषाला 'मा श्लोमखा', बाईला 'मा श्लोमेख' हा फरकही 'कसा आहेस, कशी आहेस' म्हणणाऱ्याला नवा नाही. अडले ते एकाच ठिकाणी. हिब्रूच्या रोजच्या बोलण्यात मानाचे 'तुम्ही' नाही. मावशींचे जावई साठीचे गृहस्थ, त्यांना 'तू' म्हणताना आमची जीभ आजही अडखळते. ते मात्र खुशाल 'अखी', माझ्या भावा, म्हणून बोलायला लागतात.

गाझाच्या बातम्या घरात येत असताना हीच भाषा कशाला, असे एका नातलगाने विचारले. प्रश्न वावगा नव्हता. अम्मी प्रत्येक नमाजनंतर गाझाच्या लेकरांसाठी हात उचलते आणि मावशींना फोनही लावते. तिने त्याला एवढेच सांगितले की शेजार तिच्या लग्नाआधीचा आहे. जावयांशी मात्र एकदा बोलणे त्या विषयावर गेले. आमचे पटले नाही, पटण्यासारखे नव्हतेच. आवाज चढले. मग दोन आठवडे तिकडून काही नाही.

नंतर एका रात्री त्यांचा मेसेज आला. दोनच शब्द: 'मा निश्मा?'

उत्तर काय लिहावे यावर आमच्यात बराच वेळ खल झाला. 'हकोल बेसेदर' लिहिणे खोटे झाले असते. काहीही व्यवस्थित नव्हते. 'सबाबा' तर लिहवलेच नसते. काही न लिहिणे हाही एक मार्ग होता, आणि आमच्यातल्या एकाला तोच बरा वाटत होता. शेवटी अम्मी म्हणाली, "सुखातही आणि दुःखातही म्हणता येईल असे काही त्यांच्यात नाही का, आपल्या अल्हम्दुलिल्लाहसारखे?" आहे. 'बारुख हशेम', त्याचे नाव धन्य असो. तेवढे लिहिले आणि खाली विचारले, 'मा श्लोम मावशी?' मावशी कशा आहेत?

मावशींना गुडघ्याने जेरीस आणले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन लावला आणि तासभर गुडघ्याविषयीच बोलल्या. गाझाचा विषय त्यांच्या जावयांनी काढला नाही, आम्हीही नाही. तो मिटलेला नाही.

आता मावशींचा सात वर्षांचा नातू अधूनमधून फोनवर येतो. आम्ही त्याच्याकडून 'लैला तोव', म्हणजे शुभ रात्री, शिकलो. अम्मी त्याला मराठी शिकवते. 'जेवलास का' पहिल्याच दिवशी जमले, पण तो ते अम्मीलाही तसेच विचारतो. मोठ्यांना 'जेवलात का' म्हणायचे, हे अम्मी पुन्हा पुन्हा सांगते. त्याने आजीकरवी विचारले, बाई एकच आहे ना, मग बोलायचे पुष्कळ जणांशी बोलल्यासारखे कशाला? मावशी हसत बसल्या. अम्मीला अजून उत्तर सुचलेले नाही.