'नाही'चा बाण

कुठलाही फ्लोचार्ट हातात आला, की मी आधी त्यातल्या शंकरपाळ्या शोधतो. प्रश्नाची चौकट त्या आकाराची असते आणि तिच्यातून दोन बाण निघतात, एक 'हो'चा, एक 'नाही'चा. 'हो'चा बाण कुणालाही काढता येतो. काढणारा त्या कामाच्या रांगेत कधी उभा होता का, हे 'नाही'च्या बाणावरून कळतं. बहुतेक ठिकाणी तो 'अर्ज नामंजूर' या चौकटीत जाऊन संपतो. माणसाचं काम तिथे संपलेलं नसतं. मुलीच्या प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली असते आणि पुढे काय करायचं, ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी कल्याणमध्ये दाखल्यांचे फ्लोचार्ट काढतो, मराठीत. दहावी-बारावीचे निकाल लागले, की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेअर यांची धावपळ सुरू होते. त्यात सगळ्यात अवघड शंकरपाळी जातीच्या दाखल्याची. इतर मागासवर्गीयांसाठी प्रश्न असा, की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा आहे का? विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी तारीख २१ नोव्हेंबर १९६१.

कल्याणात या प्रश्नाचं उत्तर फार वेळा 'इथे नाही' असं येतं. कुणाचे वडील रेल्वेत लागले म्हणून आले, कुणाचे मोहन्याच्या एनआरसी कारखान्यात, कुणाचे डोंबिवलीच्या एमआयडीसीत. कुटुंब त्या तारखेला साताऱ्याला, रत्नागिरीला किंवा जळगावकडे होतं, तर अर्जही तिथल्या प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. मग पुढची शंकरपाळी: आजोबा शाळेत गेले होते का? गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. नसतील तर वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातलं दुसरं कुणी? तेही नसेल तर जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायची. सापडली आणि मोडीत असली, तर मोडी वाचणारा गाठून लिप्यंतर करून घ्यायचं. एका 'नाही'च्या पोटात एवढा प्रवास असतो. तो कागदावर दिसला, की समोरच्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. काम कमी झालेलं नसतं, पण रस्ता आहे एवढं कळलेलं असतं.

हे सगळं लोकांच्या तोंडून ऐकत असताना मी माइंड मॅप वापरतो. फ्रीप्लेन फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि बोलणाऱ्याच्या वेगाने फांद्या वाढवता येतात. पण माइंड मॅपच्या फांद्या फुटत जातात, पुन्हा एकत्र येत नाहीत. दाखल्याचं तसं नसतं. शाळेचा उतारा मिळो की कोतवाल बुकाची नक्कल, दोन्ही वाटा वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रापाशी येऊन मिळतात. वाटा मिळायला लागल्या, की मी फ्लोचार्टवर येतो.

तिथे माझं मुख्य साधन ड्रॉ डॉट आयओ. खातं उघडावं लागत नाही, फाइल आपल्याच संगणकावर राहते, आणि चौकट हलवली तरी तिला चिकटलेला बाण सुटत नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण 'नाही'च्या चौकटी नेहमी नंतर सुचतात. कुणीतरी तहसीलमधून परत येऊन नवी अडचण सांगतो आणि मध्येच जागा करावी लागते. काही साधनांच्या फुकट खात्यात चौकटींची संख्या ठरलेली असते. ती संपत आली, की माणूस पहिली काटछाट 'नाही'च्या बाजूलाच करतो. म्हणून दिसायला कितीही देखणं असलं, तरी असलं साधन मी या कामाला घेत नाही.

फार वाटा झाल्या, की मर्मेड. यात चित्र काढायचंच नसतं. चौकटींची नावं लिहायची, मध्ये दोन आडव्या रेघा आणि टोक टाइप करायचं, मांडणी ते स्वतः करतं. क्नुत स्वेइदक्विस्त यांनी २०१४ मध्ये ते सुरू केलं. मांडणीवर आपला हात राहत नाही, एवढं सोसावं लागतं.

मराठीचे म्हणून काही प्रश्न आहेत. शंकरपाळीची चारी टोकं वाया जातात, मध्ये जागा थोडी. 'उपविभागीय अधिकारी' तिथे मावत नाही. म्हणून आत 'पुरावा आहे?' एवढंच, तारीख आणि तपशील बाजूला. ओळींतलं अंतर जरा वाढवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. हाताने काढल्यासारखी रेघ देणारं एक्सकॅलिड्रॉ मला आवडतं, पण त्याच्या हस्ताक्षराच्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हती, आणि गिरवलेल्या चौकटीत छापील अक्षरं परकी वाटतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट खुला आहे, लहान आकारातही वाचता येतो.

आणि रंग. पडद्यावर हिरवा-लाल बाण शोभतो, पण चार्ट शेवटी स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काळापांढरा निघतो आणि दोन्ही बाण सारखेच करडे होतात. प्रत्येक बाणावर 'हो' किंवा 'नाही' लिहायलाच हवं. चार्ट उभा हवा, मोबाइलवर वाचता येईल असा.

कामाचे टप्पे चित्रात मांडण्याची पद्धत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे ठेवली. फ्रँकने सुरुवात गवंडीकामाने केली होती, आणि वाया जाणारी हालचाल शोधणं हा त्यांचा ध्यास होता. माझ्याकडे वाया जाणारी हालचाल म्हणजे कल्याण ते सातारा ही दुसरी फेरी, केवळ वंशावळीचं प्रतिज्ञापत्र सोबत नेलं नव्हतं म्हणून. त्या प्रतिज्ञापत्राची चौकट मी गाडी पकडण्याच्या आधी ठेवतो.

'अर्ज नामंजूर' ही चौकट मी मोकळी सोडत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासारखी अधिसूचित सेवा नाकारली किंवा मुदतीत दिली नाही, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्या चौकटीतून बाण निघतो आणि त्यावर मी 'लेखी कारण मागा' असं ठळक लिहितो.

सध्या विवाहित स्त्रियांची वाट काढतो आहे. त्यांचा जातीचा दाखला वडिलांच्या बाजूने, माहेरच्या कागदांवर निघतो, पण आधार कार्डावर सासरचं नाव असतं. पहिली शंकरपाळी 'विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आहे?' ही. तिच्या 'नाही'च्या बाजूसाठी अजून माणसं गाठून विचारतो आहे.