तीन आट्यांचा आधार

गेल्या आषाढांत तीर्थरूप चाकांच्या खुर्चीवरून उठतांना कोसळले. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. पण खुर्चीचा उजवा हात उखडला होता आणि त्याचा बोल्ट जमिनीवर पडला होता. बोल्ट शाबूत. मात्र त्याच्याभोंवतीं अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांचें चकचकीत वेटोळें गुंडाळलेलें होतें. पोलादानें मऊ धातूचे आटे मुळापासून कापून आणले होते.

तो बोल्ट महिन्यापूर्वीं मींच बसविला होता. मूळचा हरवला, म्हणून डब्यांतला त्याच जाडीचा, पण आंखूड असा लावला. घट्ट लागला, एवढ्यावर समाधान मानलें!

रात्रीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों. मऊ धातूंतले आटे कापले जातात ते बोल्टाच्या बाहेरील व्यासाच्या नळकांड्यावर. व्यास ८ मिलिमीटर, परीघ सुमारें २५. आटे जेमतेम तीन अडकलेले. प्रत्येकीं सव्वा मिलिमीटर धरून पकड फार तर ४ मिलिमीटर. गुणाकार १०० चौरस मिलिमीटर. आट्यांमधील फटी वजा जातां पाऊणपट, ७५. साध्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमचें ताणबळ दर चौरस मिलिमीटरला १५० न्यूटन धरलें, तर कापलें जाण्याविरुद्धचें बळ त्याच्या सहा दशांश, म्हणजे ९०. एकूण ६,७५० न्यूटन. सुमारें ६९० किलोंचा भार.

साठ किलोंच्या वृद्धाला हें पुष्कळ झालें, असें कोणासही वाटेल. पण तरफ विसरून चालत नाहीं. भार पडतो तो बोल्टापासून ४० सेंटिमीटरवर, आणि पट्टी ज्या कडेवर टेकते ती बोल्टाखालीं अवघ्या ४ सेंटिमीटरवर. साठाचे सहाशें झाले! वर उठतांनाचा एक हिसका पुरे.

छिद्र १६ मिलिमीटर खोल होतें. तें सारें भरलें असतें तर आटे २,७०० किलोंपर्यंत टिकते. चांगला पोलादी बोल्टच तेथें तुटावयास येतो. पोलादांत व्यासाइतकी पकड पुरते, अ‍ॅल्युमिनियमांत दुप्पट ठेवावी, असा कारागिरांचा दंडक आहे तो याचसाठीं. बोल्ट तुटला तर नवा मिळतो. आटे गेले तर सांगाडाच हातचा जातो.

मिस्त्रीनें छिद्र वाढवून नवे आटे पाडले, त्यांत पोलादी तारेचें वेटोळें बसविलें आणि पूर्ण लांबीचा बोल्ट आंवळला. बाबांनीं विचारलें, "आतां किती पेलेल?" मीं आंकडा सांगितला.

त्यांनीं हळूच खुर्चीचा डावा हात दाबून पाहिला. "आणि ह्या बाजूचा रे?"

तो बोल्ट मीं अजून उघडून पाहिला नव्हता.